बिरादार सरांचं बावीस नंबरचं फंक्शन

बिरादार सरांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला एक पेन ड्राइव्ह असायचा. लहान लेकराच्या गळ्यात ताईत बांधतात, तसा. आंघोळीला जाताना ते तो काढतात की नाही, यावर आमच्यात पैजा लागायच्या. त्यात त्यांनी सी भाषेत लिहिलेला सगळा कोड होता आणि तो त्यांच्याशिवाय कुणीही पाहिलेला नव्हता. हुमनाबादच्या आमच्या तीन खोल्यांच्या कंपनीत मी नऊ वर्षं काढली. त्या नऊ वर्षांत मला पुष्कळांचा राग आला, काहींचा कंटाळा आला, पण मनापासून तिरस्कार केला तो फक्त बिरादार सरांचा. अजूनही करतो. माणूस जिवंत आहे, तब्येत ठणठणीत आहे, त्यामुळे गेलेल्या माणसाबद्दल वाईट कसं बोलायचं, ही अडचणही मला नाही.

पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, बारीक कातरलेल्या मिशा, आणि खिशाला तीन पेनं व एक जाड काळा मार्कर. तो मार्कर महत्त्वाचा. आपल्या मालकीच्या प्रत्येक वस्तूवर ते त्या मार्करनं ‘बी. बी.’ असं लिहून ठेवायचे. बळवंतराव बिरादार. डब्यावर बी. बी., चहाच्या कपावर बी. बी., खुर्चीच्या पाठीवर बी. बी. एकदा पावसाळ्यात त्यांची छत्री कुणीतरी चुकून नेली, तर दुसऱ्या दिवशी नवी छत्री आणून त्यांनी तिच्या आठही पाकळ्यांवर नाव घातलं. ती उघडून ते स्टँडकडं निघाले की रस्त्यावरची माणसं थांबून वाचायची.

‘पुण्याला असताना’ हे त्यांचं आवडतं पालुपद. पुण्याला असताना ते नक्की काय होते हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. अठरा वर्षं तिथं राहून हा माणूस हुमनाबादला कशासाठी परत आला, हे मालकांनी कधी विचारलं नाही. ‘लई मोठा माणूस आपल्याकडं आलाय’ एवढ्यातच ते खूश होते.

आमची कंपनी डाळमिलसाठी एक पेटी बनवायची. वरून डाळ येते, पोत्यात पडते, ठरलेल्या वजनाला झडप बंद होते, पोतं शिवलं जातं आणि त्यावर नावाची चिठ्ठी चिकटते. हे सगळं ती पेटी सांभाळायची. मी तिची वायरिंग करायचो आणि शेवटी तिच्यात प्रोग्रॅम भरायचो. पेटीच्या आत दोन थर होते. खालचा थर सी भाषेतला, बिरादार सरांचा. काट्यावरचं वजन वाचणं, झडप हलवणं, चिठ्ठी छापणं ही कामं त्याची. पण प्रत्येक मिलची तऱ्हा वेगळी. कुणाला तीस किलोचं पोतं, कुणाला पन्नासचं, कुणाला भरताना पोतं दोनदा हलवून हवं. त्यासाठी दर वेळी खालचा थर उसवायला नको म्हणून पेटीत एक छोटं स्क्रिप्टचं इंजिन बसवलं होतं. चार सोप्या ओळी लिहिल्या की मिलच्या तऱ्हेप्रमाणं काम चालू. हा वरचा थर.

आता ही स्क्रिप्ट स्वतः कशालाच हात लावू शकत नाही. तिला वजन दिसत नाही, झडप हलवता येत नाही. म्हणून सीमध्ये फंक्शनं लिहायची आणि नावानिशी इंजिनाच्या हवाली करायची. स्क्रिप्टनं नाव घेतलं की इंजिन खालचं फंक्शन चालवतं आणि उत्तर वर आणून देतं. त्याला कॉलबॅक म्हणतात. लग्नाच्या पंगतीसारखंच आहे. पानावर बसलेल्यानं ‘भात’ म्हणायचं, वाढप्यानं आत जाऊन भात आणायचा. जेवणाऱ्याला भटारखान्यात जावं लागत नाही, आणि जाऊही देत नाहीत.

बिरादार सर तर अजिबात जाऊ द्यायचे नाहीत. ‘खाली बघायचं न्हाई,’ हे त्यांचं वाक्य होतं. कुणी काहीही शंका काढली की पेन ड्राइव्ह मुठीत धरायचे आणि म्हणायचे, ‘खाली बघायचं न्हाई. मी दिलंय म्हंजे बरोबर दिलंय.’

त्यांनी एकूण सदतीस फंक्शनं दिली होती. शहाण्या माणसानं त्यांना ‘वजन’, ‘झडप उघड’ अशी नावं दिली असती. सरांनी दिलेली नावं अशी: बीबी-एक, बीबी-दोन, तिथपासून बीबी-सदतीस. छत्रीवर घातलं तसं इथंही नाव घालून ठेवलं. मी एकदा भीत भीत विचारलं, ‘सर, कामाप्रमाणं नाव ठेवलं तर लोकांना सोपं जाईल की.’ त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू मी त्यांच्या घरच्या तिजोरीची किल्ली मागितली.

‘नावावरनं काम कळलं की कुणी बी वापरतंय,’ ते म्हणाले. ‘मग मला कोण विचारंल?’

एवढं खरं बोलताना मी त्यांना पुन्हा कधी ऐकलं नाही.

अशा या सदतीस नंबरांचा अर्थ लावायचं काम संगीताच्या वाट्याला आलं. संगीता मादन हिप्परग्याची. डिप्लोमा झालेली, हुमनाबादला मावशीकडं राहायची. मिलवाल्यांशी बोलून स्क्रिप्ट लिहिणं हे तिचं काम. विहाराच्या मागच्या त्यांच्या वस्तीतून इंजिनिअरिंगच्या नोकरीला लागलेली ती पहिली मुलगी. तिच्या गावच्या मिलमध्ये आमची पेटी बसली ती तिच्याच बोलण्यामुळं. बसवायच्या दिवशी तिचे चुलते दगडूतात्या धुतलेलं धोतर नेसून मिलच्या दारात उभे होते. आत आले नाहीत, नुसतं बघत राहिले.

संगीतानं शंभर पानी वही घातली होती. एका पानावर एक फंक्शन. काय दिलं तर काय येतं, काय दिलं तर पेटी बंद पडते, हे सगळं करून बघून ती लिहून ठेवायची. बिरादार सर त्या वहीला ‘संगीतापुराण’ म्हणायचे. येता जाता उचलायचे, दोन बोटांत धरून, ओलं फडकं धरतात तशी, आणि मोठ्यानं वाचायचे. एकदा सगळ्यांसमोर त्यांनी तिला विचारलं, ‘पॉइंटर म्हंजे काय ते तरी ठाव हाय का?’

‘वस्तू न्हाई सर, वस्तू कुटं ठेवलीय त्या जागेचा पत्ता,’ ती म्हणाली. ‘वस्तू हालली तर पत्ता फुकट.’

सर आमच्याकडं वळून म्हणाले, ‘पाठांतर चांगलं हाय.’

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना ते ‘वरचे लोक’ म्हणायचे. वरचे म्हणजे खालच्या दर्जाचे, असा त्यांचा उलटा हिशेब होता. सी येणारा तो जातिवंत, बाकी सगळे मागून खाणारे. दुबलगुंडीच्या मिलमध्ये एकदा ऑपरेटरनं वजनाच्या जागी चुकून अक्षर टाकलं. खालच्या फंक्शननं ते तपासायचं असतं, आकडा आहे का विचारायचं असतं आणि नसेल तर नीट नकार द्यायचा असतो. सरांच्या फंक्शनला असली काही सवय नव्हती. पेटी जागच्या जागी गोठली, झडप उघडी राहिली आणि डाळ पोत्यातून उतू जाऊन फरशीवर घोट्याएवढी साचली. फोन आल्यावर सर शांतपणे म्हणाले, ‘आरं, ज्यानं चुकीचं मागितलं त्याला चुकीचंच मिळायला पाहिजे. मी कामून तपासू? मी काय त्याचा मास्तर हाय?’ मग फोन ठेवून बी. बी. लिहिलेल्या कपातून चहा प्यायले.

एक गोष्ट मान्य करतो, कारण न केली तर मीही त्यांच्याच माळेतला ठरेन. त्यांचा हात चांगला होता. बीबी-नऊ, म्हणजे वजन वाचणारं फंक्शन, इतकं नेमकं होतं की मिलवाले आपला जुना काटा त्यावरून तपासायचे. टाइप करताना त्यांची बोटं बघत राहावीशी वाटायची. देवानं कुणाला काय द्यावं याचा काही नेम नाही, एवढंच मी तेव्हा म्हणायचो, आणि त्यांचा राग आणखी वाढायचा. कामात ठोंब्या असलेल्या माणसाचा माज आपण हसून सोडून देतो, पण या माणसाला येत होतं, नुसती काळजी घ्यायची नव्हती.

बीबी-बावीस हे चिठ्ठीवरच्या नावाचं फंक्शन. त्याची गोष्ट सांगायची तर आमच्याकडची पद्धत सांगावी लागेल. सुगी झाली की शेतकरी आपली तूर मिलला घेऊन येतो आणि त्याच तुरीची डाळ करून वर्षाची घरी नेतो. विकायची वेगळी, खायची वेगळी. खायची डाळ आपल्याच रानातली पाहिजे. दुसऱ्याच्या चांगल्या डाळीशीसुद्धा कुणी बदली करणार नाही. बायका शिजायला टाकल्या टाकल्या सांगतात, ही आपली नव्हे. म्हणून पोत्यावर नाव लागतं. पूर्वी हमाल खडूनं लिहायचे, पुढं ते काम आमच्या पेटीकडं आलं. वर कन्नडमध्ये, खाली मराठीत, स्वच्छ नाव.

संगीताच्या वहीत बावीस नंबरच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: ‘नाव देऊन लगेच छापलं तर बरोबर. पोतं भरायला वेळ लागला तर? विचारणे.’ तिनं विचारलंही होतं. मी तिथंच सोल्डरिंग करत बसलो होतो. सर म्हणाले, ‘तुझ्या वहीतलं मला विचारत जाऊ नको. खाली बघायचं न्हाई.’

ऐन सुगीत मादन हिप्परग्याहून फोन आला. सकाळी दगडूतात्यांच्या दोन पोत्यांची डाळ झाली होती. दुपारी बसवंतअप्पांची डाळ निघाली. बसवंतअप्पा गावातले मोठे शेतकरी, त्यांची अकरा पोती. त्या अकरापैकी चार पोत्यांवर नाव छापून आलं दगडूतात्यांचं. हमालांनी नाव बघून ती चार पोती तात्यांच्या दोन पोत्यांबरोबर जीपमध्ये घातली आणि घरी पोचवली. तात्यांनी तासाभरात निरोप धाडला की चार पोती माझी नाहीत, घेऊन जावा. पण तोवर गावात बोभाटा झाला. मशीन कुणी बसवलं? दगडूच्या पुतणीनं. नाव कुणाचं आलं? दगडूचं. सापडल्यावर परत केलं, न सापडतं तर? पारावर, हॉटेलात, पिठाच्या गिरणीत दोन दिवस हेच चाललं. तात्यांनी घराबाहेर पडणं सोडलं.

मालकांनी बैठक बोलावली. मिलचा मॅनेजर, मालक, सर, संगीता आणि कोपऱ्यात मी. मालकांनी सरांना विचारलं, असं कसं झालं? सरांनी खिशातला मार्कर काढला, टोपण काढलं, लावलं.

‘स्क्रिप्ट कुणाची? संगीताची,’ ते म्हणाले. ‘नाव कुणाचं आलं? तिच्या चुलत्याचं. आता मी काय बोलू? आपल्या माणसाकडं ओढा असतोच एकेकाचा. त्यांच्यात जरा जास्तच.’

संगीताचा आवाज हलला नाही. ‘सर, बावीस नंबरचं आतलं दाखवा. चूक माझी निघाली तर मी स्वतः गावात जाऊन सांगते.’

‘खाली बघायचं न्हाई,’ सर म्हणाले.

मालकांनी संगीताला सांगितलं, हे मिटेपर्यंत घरीच थांब. तिनं वही पिशवीत घातली आणि गेली. बैठकीत मी एक शब्द बोललो नाही. मला काही माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण ती चोरी करणार नाही, हे मला माहीत होतं आणि तेवढं तरी बोलता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सर नवीन पेटीत प्रोग्रॅम भरायला माझ्या टेबलाशी आले. पेन ड्राइव्ह माझ्या कॉम्प्युटरला लावून पाठीशी उभं राहायचं, ही त्यांची नेहमीची पद्धत. तेवढ्यात त्यांना पुण्याहून फोन आला. पुण्याचा फोन ते नेहमी बाहेर रस्त्यावर उभं राहून, चार माणसांना ऐकू जाईल असा घ्यायचे. ते गेले आणि मी बीबी-बावीस उघडलं.

जेमतेम दहा ओळी. त्यात काय होतं ते पंगतीच्या भाषेतच सांगतो. जेवणाऱ्यानं वाढप्याला आपलं नाव सांगितलं. शहाणा वाढपी ते कागदावर उतरवून घेईल. या वाढप्यानं नाव उतरवलंच नाही. ‘तिसऱ्या पंगतीतलं चौथं पान’ एवढं लक्षात ठेवून तो आत गेला. लगेच परत आला तर ठीक. पण उशीर झाला, पंगत उठली, त्याच पाटावर दुसरा कुणी बसला, तर हा येऊन त्या दुसऱ्याचं नाव पुकारणार. स्क्रिप्टचं इंजिन लागत नसलेल्या जागा मधूनमधून झाडून घेतं आणि तिथं दुसरं काहीतरी ठेवतं. नाव घेतलं की त्याची नक्कल करून घ्यायची, हे सी शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यात सांगतात. आम्ही ऑफिसात वाळूची पाच पोती एकाच नावानं भरून बघायचो, तिथं हे कधी दिसलंच नसतं. सुगीत, पन्नास नावं एका दिवसात आली की दिसणार. वस्तू हालली तर पत्ता फुकट. पाठांतर चांगलं होतं पोरीचं.

सर आत आले तेव्हा ते पडद्यावर तसंच होतं. मी लपवलं नाही. ते माझ्या खांद्यावरून वाकले आणि त्यांनी वाचलं. त्यांना समजायला सांगावं लागलं नाही. पेन ड्राइव्ह ओढून काढत ते म्हणाले, ‘उद्या मालकाला मीच सांगतो. तू मधी पडू नको.’

मला सुटल्यासारखं झालं. हे लिहिताना लाज वाटते, पण झालं. एवढ्या मोठ्या माणसाशी भांडावं लागणार नाही, याचा आनंद झाला.

सरांनी काही सांगितलं नाही. तीन दिवसांनी सगळ्या मिलना नवा प्रोग्रॅम गेला आणि सोबतच्या कागदावर एक ओळ: ‘बीबी-२२: किरकोळ सुधारणा.’ मालकांना त्यांनी सांगितलं, ‘वरच्या लोकांनी काही बी केलं तरी चालंल असं करून ठेवलंय आता.’ मालकांनी त्यांचे आभार मानले. माझ्यासमोर. मी सरांकडं बघितलं तर ते माझ्याकडं बघून किंचित हसले, आपल्या दोघांत काहीतरी ठरलेलं आहे असं. मला त्यांची किळस आली आणि त्यात थोडी माझीही होती.

आठव्या दिवशी मी संगीताला फोन केला. सगळं सांगितलं.

‘अण्णा, जुना प्रोग्रॅम कुठल्या पेटीत शिल्लक हाय का?’ तिनं विचारलं.

माझ्या टेबलाखालच्या तपासणीच्या पेटीत होता. ‘ती घेऊन रविवारी गावाला येता का?’ ती म्हणाली. ‘तुमी काय बोलू नका. नुसती पेटी आणा.’

रविवारी सकाळी मिलच्या अंगणात पंधरा-वीस माणसं जमली. बसवंतअप्पा खाटेवर बसले होते. दगडूतात्यांना संगीतानं हाताला धरून आणलं होतं. ते भिंतीशी उभे. बिरादार सरांनाही मॅनेजरनं बोलावलं होतं. त्यांचा निरोप आला, तब्येत बरी नाही. मी पेटी जोडली. संगीतानं आपली जुनी स्क्रिप्ट जशीच्या तशी चालू केली, ऑपरेटरकडून त्या दिवशीची सगळी नावं भरून घेतली आणि मग सगळ्यांना दिसेल अशी अंगणाच्या मधोमध खुर्चीवर जाऊन बसली, दोन्ही हात मांडीवर.

‘आता कुणी मशीनला हात लावायचा न्हाई,’ ती म्हणाली. ‘मी बी न्हाई.’

बसवंतअप्पांचीच डाळ. पोतं भरायचं, चिठ्ठी बघायची, पोतं परत वर ओतायचं. पहिलं पोतं बसवंतअप्पा. दुसरं बसवंतअप्पा. ऊन चढलं, लोक कंटाळले, कुणी तंबाखू मळायला लागलं. नवव्या पोत्यावर नाव आलं दगडूतात्यांचं.

बसवंतअप्पांनी स्वतः उठून चिठ्ठी वाचली, मग खुर्चीवरच्या संगीताकडं बघितलं. पण म्हातारा पक्का होता. ‘दगडूचंच कामून येतंय?’

‘भरलेल्या नावातलं कुणाचं बी येऊ शकतंय अप्पा,’ ती म्हणाली. ‘तुमाला पाहिजे ते नाव सांगा, ऑपरेटर यादीत घालतील. आणि मघाची यादी काढून टाकू.’

अप्पांनी विचार केला. ‘आमच्या बैलाचं घाल. राज्या.’

लोक हसले. ऑपरेटरनं यादी पुसली, फक्त दोन नावं घातली: बसवंतअप्पा आणि राज्या. आणखी तासभर गेला. कुणी घरी गेलं नाही. हमालांनी पोती ओतून ओतून घाम गाळला. मग एक पोतं खाली आलं आणि चिठ्ठी वाचणारा हमाल आधी नुसता उभाच राहिला, आणि मग ओरडला, ‘राज्या!’

अंगणात हसण्याचा नुसता दंगा झाला. बसवंतअप्पा हसले नाहीत. ते चालत भिंतीपाशी गेले, दगडूतात्यांसमोर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘दगडू, बैल बी चोर निघाला की माझा. चुकलं आमचं. माफ कर.’ तात्यांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसं त्यांनी उपरणं तोंडाला लावलं. संगीता तेव्हा खुर्चीवरून उठली. तोवर ती हललीही नव्हती.

मालकांनी तिला परत बोलावलं. तिनं फोनवर एवढंच सांगितलं, ‘सर, मी वर बसून खालच्यावर भरवसा ठेवला. आता दोन्ही थर मीच लिहीन.’ तिनं कमलनगरला स्वतःचं दुकान घातलं.

आणि बिरादार सरांचं काय झालं? काही नाही. मालकांना सगळं कळलं, पण सदतीस फंक्शनं त्या काळ्या दोऱ्यात ओवलेली होती, त्यामुळं मालक काही करू शकत नव्हते. दोन वर्षांनी सर निवृत्त झाले, तेव्हा त्यांना शाल, नारळ आणि हार देऊन निरोप दिला. भाषणात मालक म्हणाले, ‘सरांच्या कोडमध्ये आजवर चूक निघाली न्हाई.’ सरांनी नम्रपणे डोळे मिटले. टाळ्या वाजल्या. मी दोन्ही हातांत चहाचे कप धरून उभा होतो, म्हणजे वाजवायला नकोत. जाताना त्यांनी आपली खुर्ची नेली. नाव होतं ना तिच्यावर.

त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या सुगीत, कमलनगरच्या एका मिलमध्ये. मी आमच्या घरची तूर घेऊन गेलो होतो. तिथली पेटी संगीतानं बनवलेली. पेटीच्या दारावर सगळ्या फंक्शनांची यादी चिकटवलेली होती, ‘वजन’, ‘झडप उघड’, ‘चिठ्ठीवर नाव’, असं साध्या भाषेत, कुणालाही वाचता येईल असं. भरलेल्या पोत्यांच्या रांगेत एक पांढऱ्या शर्टातला माणूस वाकून काहीतरी करत होता. बिरादार सर. त्यांची सहा पोती होती. प्रत्येकावर नावाची चिठ्ठी बरोबर लागलेली होती, आणि ते जाड काळ्या मार्करनं प्रत्येक पोत्याच्या दोन्ही बाजूंना स्वतःचं नाव लिहीत होते. या वेळी नुसतं बी. बी. नाही, पूर्ण नाव, गावासकट. चौथं पोतं संपत आलं होतं.

‘काय सर, मशीननं छापलंय की,’ मी म्हणालो.

त्यांनी वर बघितलं. मला ओळखलं. चेहऱ्यावर काही म्हणजे काही आलं नाही.

‘मशीनचा काय भरवसा?’ ते म्हणाले. ‘दुसऱ्या कुणाची तरी चूक व्हायची. आपण कामून भोगायचं?’

माझ्या तोंडाशी खूप काही आलं. नऊ वर्षांचं सगळं आलं. पण मी एवढंच म्हणालो, ‘सर, हे मशीन संगीताचं हाय.’

त्यांचा हात थांबला. त्यांनी दारावरच्या त्या यादीकडं पाहिलं, वरपासून खालपर्यंत सावकाश वाचली. मग मार्करला टोपण लावलं आणि तो खिशात ठेवला. मला वाटलं, झालं, आता तरी काहीतरी म्हणतील.

त्यांनी मार्कर परत बाहेर काढला आणि उरलेल्या दोन पोत्यांवर नाव लिहिलं.